डीएसएलआर की खिशातला कॉम्पॅक्ट? घोडं गंगेत न्हालं एकदाचं

कॅमेरा घ्यायचा ठरला तेव्हा मला वाटलेलं यात डोकं लावण्यासारखं आहे काय, बजेट ठरवायचं, दोन-चार मॉडेलं बघायची आणि घेऊन टाकायचा. पण "एन्ट्री लेव्हल डीएसएलआर की खिशात मावणारा चांगला कॉम्पॅक्ट" हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की सुटका नाही. (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि एन्ट्री लेव्हल म्हणजे त्यातले स्वस्तातले.) ज्याला विचारावं तो वेगळंच सांगणार. जो डीएसएलआर रोज वापरतो तो म्हणतो, कॉम्पॅक्ट घेणार असशील तर मोबाईल काय वाईट आहे, आणि ज्याचा डीएसएलआर कपाटात धूळ खातोय तो म्हणतो चुकूनही घेऊ नकोस, उचलवत नाही. दोघंही स्वतःपुरतं खरंच बोलत असतात, पंचाईत ऐकणाऱ्याची होते.

म्हणून मी कसा कसा ठरवत गेलो ते जरा ऐसपैस लिहितोय, कारण माझ्या बाबतीत जे पारडं शेवटी झुकलं ते ज्या मुद्द्यावर झुकलं तो मुद्दा तुलनेच्या कुठल्याच तक्त्यात मला सापडला नव्हता.

आधी एक मोकळं करून टाकतो. "मिररलेस का नाही?" हे कोणीतरी विचारणारच (मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा, पण आत आरसा नसलेला कॅमेरा). बरोबर आहे, २०१८ नंतर सगळा ओघ तिकडेच गेलाय, निकॉनच्या स्वस्तातल्या डीएसएलआरमधला शेवटचा डी३५०० पण त्याच सालातला, आणि कॅननकडूनही त्या बाजूला नवीन काही येणं थांबल्यातच जमा आहे. पण मला वापरलेलाच कॅमेरा घ्यायचा होता, आणि सेकंडहँडमध्ये त्याच बजेटात मिररलेसची बॉडी आली असती पण लेन्सला पैसे उरले नसते. लोक डीएसएलआर विकून मिररलेसकडे चाललेत म्हणूनच तर डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्सा आवाक्यात आल्यात. तर तो फाटा मी तिथेच बंद केला.

सुरुवात मी कॅमेऱ्यापासून केलीच नाही, फसलेल्या फोटोंपासून केली. मोबाईलमधले फसलेले फोटो डिलीट करायचा मला कायम कंटाळा, त्यामुळे तो सगळा कचरा शाबूत होता आणि त्याचा इथे फारच उपयोग झाला. प्रत्येक फोटोची माहिती उघडली की शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहिलं), आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला, तो वाढला की फोटो खरखरीत होतो), किती वाजता काढला सगळं दिसतं. ते बघत बसलो. दिवसा बाहेर काढलेले फोटो बहुतेक ठीकच होते, खरं तर चांगलेच होते. कचरा झालेला ते जवळजवळ सगळे संध्याकाळनंतर घरात काढलेले आणि त्यात हलणारी एक व्यक्ती, म्हणजे माझी भाची. ती बसली असेल तर फोटो बरा, ती हलली की गेला. आणि शटर स्पीड बघितला तर १/१५, १/२०, फार फार तर १/३०.

इथे साधं गणित केलं की सगळं लख्ख होतं. घरातल्या घरात पळणारं पोर सेकंदाला तीन मीटर तरी पळतं. १/३० सेकंदात ते दहा सेंटीमीटर सरकतं, म्हणजे चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. तेच १/२५० ला सव्वा सेंटीमीटरच्या आत. म्हणजे मला मेगापिक्सेल नको होते, झूम नको होता, मला १/२५० हवा होता, तोही ट्यूबलाइटच्या उजेडात. मोबाईलचा नाइट मोड इथे कामाचा नाही कारण तो तीन-चार किंवा त्याहून जास्त फ्रेम एकावर एक रचतो, स्थिर वस्तूला ते झकास, पळणाऱ्या पोराला नाही.

एवढं कळल्यावर कॉम्पॅक्टमधली अर्धी गर्दी आपोआप हटली. बारीक सेन्सरचे (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) जे कॉम्पॅक्ट असतात, १/२.३ इंचवाले, त्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटरचा असतो, म्हणजे २८ चौरस मिलीमीटर. हल्लीच्या बऱ्या मोबाईलचा सेन्सर याच्या बरोबरीचा किंवा मोठाच असतो, वर त्याच्यामागे प्रोसेसर तगडा. ३० पट झूम हवा असेल, लांबचे पक्षी बिक्षी टिपायचे असतील तर ते घ्यावेत, नाहीतर त्यांना आता अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उरले एक इंच सेन्सरचे. (हा "एक इंच" मोजायला जाऊ नका, कर्ण जेमतेम १६ मिलीमीटर भरतो, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या ट्यूबच्या मापावरून ती नावं आलीत.) तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलीमीटर. आणि निकॉनच्या एन्ट्री लेव्हल डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास, कॅननचा त्याहून किंचित लहान. एक इंचाच्या तिप्पट झाला.

आता इथे बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात सेन्सर तिप्पट, मग कमी उजेडात डीएसएलआर भारी, विषय संपला. मीही तेच धरून चाललेलो, पण एका मित्राने, जो भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुखासुखी कुठलीच गोष्ट मान्य करत नाही, तो म्हणाला, "अरे सेन्सर बघतोस, भोक बघितलंस का?" म्हणजे लेन्सचं भोक. फोकल लेन्थला (लेन्सवर मिलीमीटरमध्ये लिहिलेला आकडा, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) एफ नंबरने भागलं की लेन्सचं उघडं भोक किती मिलीमीटरचं ते निघतं, आणि समोरचं दृश्य तेच, शटर स्पीड तोच असेल तर एकूण किती उजेड आत येणार ते त्या भोकावर ठरतं.

मग कागद घेऊन बसलो. उदाहरणाला सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ घेतला, २०१४ चा आहे, वापरलेले मिळतात. त्याची लेन्स ८.८ ते २५.७ मिलीमीटर, एफ १.८ ते २.८. वाइडला, म्हणजे झूम न करता, ८.८ भागिले १.८, म्हणजे ४.९ मिलीमीटरचं भोक. झूम पूर्ण केला की २५.७ भागिले २.८, म्हणजे ९.२. समोर डीएसएलआरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच येते ती, १८-५५, एफ ३.५ ते ५.६. वाइडला १८ भागिले ३.५, ५.१ मिलीमीटर. पूर्ण झूमला ५५ भागिले ५.६, ९.८ मिलीमीटर. बघा म्हणजे! चार-पाच आणि नऊ-दहा, दोन्हीकडे जवळपास तेच. सेन्सर तिप्पट मोठा पण लेन्स तितकीच मंद, त्यामुळे बरोबरी. डीएसएलआर घेऊन आयुष्यभर किट लेन्सच लावणार असाल तर कमी उजेडातल्या फायद्याच्या नावाखाली तुम्ही नुसतं वजन उचलताय. हे कळल्यावर मी जवळजवळ कॉम्पॅक्टकडे वळलोच होतो, खोटं कशाला बोलू.

पण मित्राने त्याच कागदावर खाली अजून एक ओळ लिहिली. ३५ मिलीमीटर एफ १.८, निकॉनची साधी प्राइम लेन्स, झूम नाही, वजन २०० ग्रॅम. ३५ भागिले १.८, म्हणजे १९.४ मिलीमीटर. एपीएस-सीवर ही लेन्स जेवढं दृश्य पकडते तेवढंच कॉम्पॅक्टवर पकडायला फोकल लेन्थ साडेएकोणीसच्या आसपास लागते, तिथे तो एफ २.८ वर असतो, म्हणजे भोक सात मिलीमीटर. १९.४ आणि ७. क्षेत्रफळात जवळजवळ आठ पट. तीन स्टॉपपेक्षा थोडंसंच कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणजे कॉम्पॅक्टला जिथे १/३० मिळतो तिथे याला जवळजवळ १/२५० मिळतो, बाकी सगळं तेच ठेवून. मला हवा होता तोच आकडा.

तेव्हा कागदावर निकाल असा लागला, डीएसएलआर अधिक किट लेन्स विरुद्ध कॉम्पॅक्ट, कॉम्पॅक्ट घ्या, डीएसएलआर अधिक एक प्राइम विरुद्ध कॉम्पॅक्ट, अंधारात तरी स्पर्धाच नाही. मात्र प्राइम लावली म्हणजे झूम गेला, स्वतःच पुढेमागे व्हायचं. घरात भिंत आडवी येते. हे पण त्यात आलंच.

कागदावर ठरलं तरी हातात घेतल्याशिवाय माझं समाधान होत नाही, म्हणून दोन्ही उसने आणले. त्याच मित्राकडे डीएसएलआर होता, किट लेन्स आणि वर ती ३५ ची प्राइम, जी तो लावायचाच नाही, आणि ऑफिसातल्या एकाकडे एक इंचवाला कॉम्पॅक्ट होता. कुठल्या कंपनीचे ते सांगत नाही कारण दोन्ही जुने होते, वापरून वापरून झिजलेले होते, आणि त्यांच्यावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही.

भाचीला घेऊन बागेत गेलो. पहिला झोपाळा. आणि झोपाळ्यावर कॉम्पॅक्टने खरंच मन जिंकलं. झोपाळा पुढे टोकाला गेला की क्षणभर थांबतो, ते अंतर दर वेळी तेच, मग शटर अर्धवट दाबून तिथे फोकस धरून ठेवायचा आणि ती टोकाला आली की पूर्ण दाबायचं. लहान सेन्सर असल्यामुळे मागचंपुढचं बरंच फोकसमध्ये राहतं, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. आवाज तर इतका बारीक की तिला फोटो काढल्याचं कळेचना, "मामा, झाला का? झाला का?" करत बसली, आणि ते विचारतानाचे चेहरेच सगळ्यात छान आले. डीएसएलआरचा आरसा खटकन वाजतो, तो वाजला की पोरं लगेच पोझ देतात आणि मग संपलं.

मग ती माझ्या दिशेने पळत यायला लागली आणि चित्र पालटलं. तो जुना कॉम्पॅक्ट कॉन्ट्रास्टवर फोकस करणारा, म्हणजे लेन्स थोडी पुढे, थोडी मागे करून कुठे जास्त स्पष्ट दिसतंय ते शोधणार, आणि तो शोधून होईपर्यंत पोरगी दोन पावलं पुढे आलेली. डीएसएलआरमध्ये आरशाखाली फोकससाठी वेगळा सेन्सर असतो, फेज डिटेक्टवाला, त्याला एका नजरेत कळतं की फोकस पुढे गेलाय की मागे आणि साधारण किती, त्यामुळे लेन्स थेट तिथे जाते. सगळेच फोटो नेमके आले असं नाही, एन्ट्री लेव्हल कॅमेऱ्यांना फोकस पॉइंट मोजकेच असतात, डी३५०० ला ११, आणि त्यातला मधला एकटाच क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा. मधला पॉइंट तिच्यावर ठेवला की बहुतेक वेळा जमत होतं, कडेचे पॉइंट घरातल्या उजेडात चाचपडत होते. नवीन कॉम्पॅक्टमध्ये हा प्रश्न बराच सुटलाय, सोनीने २०१६ च्या मार्क ५ पासून सेन्सरवरच फेज डिटेक्ट दिलंय, पण तो माझ्या बजेटाच्या पलीकडे होता.

घरी आल्यावर संध्याकाळी तोच खेळ. शटर १/२५० ला बांधून ठेवला आणि आयएसओ ऑटोवर. डीएसएलआरला किट लेन्स लावली की आयएसओ पाच आकड्यांत, फोटो म्हणजे रंगीत वाळू. प्राइम लावून एफ १.८ वर आयएसओ दोन-अडीच हजाराच्या आसपास खेळत होता आणि फोटो बघण्यासारखे होते. कागदावरचं भोकाचं गणित डोळ्यासमोर खरं झालं. प्राइमचा तोटाही दिसला, एफ १.८ वर एक मीटरवरून चेहरा घेतला तर फोकसमध्ये राहणारी जाडी सहा सेंटीमीटरच्या आसपास, डोळे धारदार आणि कान गुळगुळीत. काहींना हेच आवडतं. मला पळत्या पोराच्या बाबतीत ते जोखमीचं वाटतं, म्हणून दोन मीटर तरी लांब राहायचं आणि अंतर कमी झालं तर एफ २.८ करायचं.

आणि आता तो मुद्दा जो कुठल्या तक्त्यात नव्हता. चाळशी.

मला लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला चाळशी लागते. कॉम्पॅक्टचा स्क्रीन डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरायचा असतो. चाळशी न लावता धरला तर स्क्रीनवरचं चित्र पुसट, फोकस लागलाय की नाही काही कळत नाही, हिरवा चौकोन दिसला की लागला असं मानायचं आणि बटण दाबायचं. चाळशी लावली तर स्क्रीन झकास दिसतो, पण मान वर करून पोरगी कुठे गेली बघावं तर ती धुरकट. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वरून लांबचं बघायचं आणि खालून स्क्रीन, मान सारखी वरखाली. बागेत हे करताना मी कसा दिसत असेन याची मला कल्पना आहे, ताई बाकावर बसून हसतच होती. वर ऊन असलं की स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो ते वेगळंच.

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि चाळशीची गरजच संपली. कारण असं की फाइंडरमधलं चित्र डोळ्यापासून दोन बोटांवर असलं तरी आतली भिंगं अशी बसवलेली असतात की डोळ्याला ते साधारण एक मीटर लांब असल्यासारखं बघावं लागतं, आणि शिवाय बाजूला डायॉप्टरचं, म्हणजे फाइंडर आपल्या नजरेच्या नंबराला जुळवायचं, बारीक चाक किंवा सरकपट्टी असते, डी३५०० ला ती उणे १.७ ते अधिक ०.५ इतकी फिरते. ती लावताना बाहेरच्या दृश्याकडे बघायचं नाही, फाइंडरच्या खालच्या पट्टीत जे आकडे दिसतात ते स्पष्ट होईपर्यंत फिरवायचं. मित्राने घेतल्यापासून त्या चाकाला हातच लावला नव्हता, मी फिरवलं तर म्हणाला, "अरे, हे असं पण असतं का!" म्हणजे इतकी वर्षं तो पुसट फाइंडरमधून बघत होता.

फाइंडरमध्ये दुसरा फायदा असा की कॅमेरा कपाळाला टेकतो, दोन्ही कोपर छातीला, त्यामुळे हात कमी हलतो. कॉम्पॅक्ट हात पुढे करून धरला की श्वास घेतला तरी हलतो. आणि फाइंडरमधून जे दिसतं ते काचेतून आणि आरशातून येणारं खरं दृश्य, त्याला उशीर असा नसतोच.

आता न्यायाने बोलायचं तर एन्ट्री लेव्हलचा फाइंडर काही फार ग्रेट नसतो. महागड्या कॅमेऱ्यात काचेचं पेंटाप्रिझम असतं, इथे आरशांवर भागवलेलं असतं, त्यामुळे जरा अंधारं आणि लहान, बोगद्याच्या टोकाला कोणी पडदा लावलाय असं वाटतं सुरुवातीला. शिवाय तो ९५ टक्केच फ्रेम दाखवतो, म्हणजे कडेला न दिसलेला खांब किंवा कोणाचा तरी हात फोटोत येऊन बसतो. काही कॉम्पॅक्टनाही फाइंडर असतो, वर म्हटलेल्या मार्क ३ ला कोपऱ्यातून वर येणारा इलेक्ट्रॉनिक फाइंडर आहे आणि त्यालाही डायॉप्टर आहे, म्हणजे चाळशीवाल्याला तोही मार्ग मोकळा आहे. पण तो आधी खटका सरकवून वर काढायचा आणि मग बाहेरचं भिंग मागे ओढायचं, तेवढ्यात माझी भाची दुसऱ्या खोलीत. बसल्या जागचं, शांतपणे फोटो काढणाऱ्याला तो पुरेसा आहे. मला नाही.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो कारण याच्यावर लोक उगाच फार बोलतात. डी३५०० बॅटरी आणि कार्डसकट ४१५ ग्रॅम, प्राइम २०० ग्रॅम, झाले सव्वासहाशेच्या आत. मार्क ३ साधारण २९० ग्रॅम. फरक आहे पण प्राण जाण्याइतका नाही. खरा फरक आकाराचा आहे. कॉम्पॅक्ट खिशात जातो (जॅकेटच्या खिशात, पँटच्या नाही, ४ सेंटीमीटर जाडीची वस्तू पँटच्या खिशात घालून बसून दाखवा), डीएसएलआरला पिशवी लागते, आणि पिशवी घ्यायची म्हणजे निघतानाच ठरवावं लागतं की आज फोटो काढायचेत. ज्यांचे फोटो वाटेत अचानक सापडतात, रस्त्यावरचे, प्रवासातले, त्यांनी डीएसएलआर घेऊच नये. माझे सापडायचे घरात आणि बागेत, तिथे पिशवी आड येत नाही.

बॅटरीत मात्र डीएसएलआर पार पुढे निघून जातो. ठरलेल्या चाचणीप्रमाणे डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो, तर मार्क ३ ३२० च्या घरात. कारण सरळ आहे, आरशातून बघताना वीज लागतच नाही. व्हिडिओ करणार असाल तर मात्र उलटं, एन्ट्री लेव्हलचे बरेचसे डीएसएलआर लाइव्ह व्ह्यूत (आरसा वर करून स्क्रीनवर बघायला) गेले की फोकसला रखडतात, कॅननचा २०० डी मार्क २ वगैरे ड्युअल पिक्सेलवाले, म्हणजे सेन्सरवरच फेज डिटेक्ट असलेले सोडून. मला व्हिडिओचं वेड नाही, मोबाईल आहे तेवढ्याला.

अजून एक गोष्ट वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने लक्षात घेण्यासारखी. कॉम्पॅक्टची लेन्स बाहेर येते, आत जाते, त्या फटीतून धूळ शिरते, आणि नळी एकदा अडकली की अख्खा कॅमेरा गेला असं समजा, दुरुस्तीला जो खर्च सांगतात त्यात दुसरा वापरलेला येतो. डीएसएलआरमध्ये लेन्स बिघडली तर लेन्स बदलायची, बॉडी तशीच. धूळ त्याच्याही सेन्सरवर बसते पण ती फुंकणीने उडवता येते, कॉम्पॅक्टच्या आत गेलेली बाहेर काढायला कॅमेरा खोलावा लागतो.

तर ठरलं, डी३५०० आणि ३५ ची प्राइम. मित्राला सांगितलं तर म्हणे, "माझ्याकडे बाबांची जुनी ५० एफ १.८ पडलीये, डी मालिकेतली, ती घे, कशाला खर्च करतोस." मोठ्या मनाने देत होता पण ती मला चालली नसती, आणि हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून लिहितोय. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सांना बॉडीतली मोटर लागते, नाहीतर फोकस हाताने करा. मोटर लेन्समध्येच असलेल्या एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सा बघून घ्यायच्या, माझी ३५ ची एएफ-एस आहे. कॅननच्या ईएफ लेन्सांना ही भानगड नाही, १९८७ पासून मोटर लेन्समध्येच.

वापरलेला कॅमेरा बघायला गेलो तेव्हा विकणारा म्हणाला, "फार नाही वापरलेला हो." हे सगळेच म्हणतात. निकॉनचं बरं असतं, फोटोच्या फाइलमध्येच शटर किती वेळा उघडलं तो आकडा लपलेला असतो, एक फोटो काढून फाइल घेतली आणि एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये साठवलेली माहिती, दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की कळतं. या श्रेणीतलं शटर एक लाख वेळांची चाचणी झालेलं असतं, आकडा त्याच्या बराच खाली असला की चिंता नाही. याचा होता. मग एफ २२ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, मुद्दाम फोकस घालवून, आणि मोठा करून बघितला, सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतात. होते दोन-तीन, वरच्या कोपऱ्यात, फुंकणीने गेले पण. लेन्समधून आरपार टॉर्च मारून बुरशी बघितली, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू असतात, ते दिसले की सरळ नमस्कार करून निघायचं, कितीही स्वस्त देत असला तरी. बॅटरीचं दार, कार्डाच्या खाचेतल्या पिना, रबर चिकट झालंय का, हे सगळं बघेपर्यंत विकणारा कंटाळला बिचारा आणि म्हणाला, "घ्या हो दादा, नवीन घेताना सुद्धा एवढं कोणी बघत नाही."

किट लेन्स बरोबर आलीच, ती दिवसा बाहेर कामाला येते, एफ ८ वर ती अगदी नेटकी आहे, तिला नावं ठेवण्याची जी फॅशन आहे ती मला पटत नाही.

आता घरात माझं सेटिंग ठरून गेलंय. मॅन्युअल मोड, १/२५०, एफ २.२, ऑटो आयएसओ आणि त्याची कमाल ६४००, फोकस सततचा आणि मधला पॉइंट. एफ १.८ ऐवजी २.२ कारण तेवढ्याने फोकसची जाडी थोडी वाढते आणि उजेड अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त जातो, तेवढा परवडतो. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या कच्च्या फाइलमध्ये काढतो, कारण घरातल्या दिव्यांचा पिवळेपणा नंतर काढता येतो. पुढेमागे एक बाहेरचा फ्लॅश घ्यायचा विचार आहे, पांढऱ्या छताकडे तोंड करून मारला की उजेड वरून मऊ येतो, तो लावायला वर खाचही आहे.

मध्ये ताईने कॅमेरा नेला प्रवासाला. परत आणून दिला आणि म्हणाली, "फोटो छान येतात रे, पण पिशवीतून काढेस्तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. आणि ती लेन्स, किती मागे सरकायचं माणसाने?" मी म्हटलं, किट लेन्स लावायची होतीस की. तर म्हणे, "ती कोण बदलत बसणार." तिला चाळशी अजून लागलेली नाही, आणि भाची आईसमोर म्हणे शांत बसते. तिच्यासाठी एक इंचवाला वापरलेला कॉम्पॅक्ट शोधतोय सध्या, एक बघून आलो, पण झूम करताना लेन्सची नळी करकर वाजत होती म्हणून सोडला.